उंदीर कुणाचा? प्लेगच्या चाळीपासून आपल्या भाड्याच्या खोलीपर्यंत

प्लेग म्हटला की आपल्याला शाळेच्या पुस्तकातला रँड आठवतो, २२ जून १८९७ ची रात्र आठवते, चाफेकर बंधू आठवतात. त्या साथीत घरभाडं कोण घेत होतं, उंदरांनी पोखरलेली चाळ कुणाची होती आणि साथ संपल्यावर पैसे कुणाच्या हातात पडले, हे मात्र कुणी शिकवत नाही. हा इतिहास आपल्या कामाचा आहे. कारण आजही बुलडाणा, खामगाव, चिखली, मलकापूरला शिकायला आलेला आपला पोरगा खोलीत ढेकूण झाले म्हणून तक्रार करतो, तेव्हा त्याला एकच उत्तर मिळतं, "तुम्ही स्वच्छ राहत नाही, त्याला मी काय करू?" हे उत्तर सव्वाशे वर्षं जुनं आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची वखार. गोदामात धान्य, धान्यावर उंदीर आणि त्याच गल्ल्यांत चाळींच्या कोंदट खोल्यांत हमाल-मजुरांची कुटुंबं. माणसं मरण्याआधी उंदीर मरून पडत होते. तरीही सरकारी डॉक्टरांचा भर बराच काळ घाण, दमट जमीन, कोंदट हवा आणि गरिबांच्या सवयी यांवरच राहिला. त्याप्रमाणे उपाय झाले. खोल्यांत औषधाचे फवारे मारले, ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली, अंथरूण-पांघरूण जाळलं. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा आला आणि घराघरांत शिरून झडती घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आता विचार करा, जळालेली गोधडी कुणाची होती? भाडेकरूची. भिंत मात्र मालकाची होती, आणि उंदीर भिंतीत होते.

या काळात मुंबईची पालिका सगळ्यात जास्त कशाला घाबरली असेल? सफाई कामगार शहर सोडून जातील याला. ऑक्टोबर १८९६ मध्ये रुग्णांना सक्तीने वेगळं ठेवण्याचा हुकूम पालिका आयुक्तांना सैल करावा लागला. त्यामागे हलालखोर आणि झाडूवाले पळून जातील ही मोठी भीती होती. ज्यांना शहर शिवून घेत नव्हतं, त्यांच्याच हातांवर शहर उभं होतं.

पुण्याकडे वळलं की सावित्रीमाई दिसतात. त्यांनी आणि डॉ. यशवंतरावांनी हडपसरजवळच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या आजारी मुलाला सावित्रीमाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यातच त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सरकार घरात शिरून माणसाला ओढून नेत होतं. सावित्रीमाई त्याच माणसाला पाठीवर घेत होत्या. रोगी हा गुन्हेगार नाही, ही समज आपल्याला त्यांनी दिली.

पुढे शास्त्र काय म्हणालं तेही पाहू. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून दाखवलं की प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून पसरतो. उंदीर मेला की पिसवा त्याला सोडतात आणि माणसाला चावतात. सुरुवातीला त्यांची टिंगल झाली. १९०५ नंतर मुंबईत पद्धतशीर संशोधन झालं तेव्हा ही गोष्ट सर्वमान्य झाली. या शोधाचा सामाजिक अर्थ फार मोठा आहे. रोग माणसाच्या जातीत नाही, त्याच्या सवयीतही नाही. तो भिंतीच्या बिळात आहे, छताच्या पोकळीत आहे, फुटक्या मोरीत आहे. बीळ एका खोलीचं नसतं, ते अख्ख्या इमारतीचं असतं. एका भाडेकरूने आपल्या खोलीत औषध मारलं तर उंदीर आणि ढेकूण शेजारच्या खोलीत जातात आणि महिन्याभराने परत येतात. म्हणून हा प्रश्न एकट्या भाडेकरूने सुटणारा नाही. ज्याच्या हातात पूर्ण इमारत आहे, त्याच्याच हातात तो सुटतो. आणि पूर्ण इमारतीचं भाडंही त्याच हातात जातं.

हे कळल्यावर तरी मालकाला जाब विचारला गेला का? १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झालं. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर 'यू.एच.एच.' ही इंग्रजी अक्षरं रंगवली जात, म्हणजे मनुष्यवस्तीस अयोग्य. ट्रस्टने वस्त्या ताब्यात घेतल्या, पाडल्या, रस्ते काढले. नुकसानभरपाई मालमत्तेची होती, आणि मालमत्ता मालकाची होती. मालमत्तेची किंमत भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असल्याने ज्याने खोलीत जास्त माणसं कोंबली त्याचं उत्पन्न जास्त आणि भरपाईही जास्त. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. निघालेली माणसं शेजारच्या गल्लीतल्या तशाच चाळीत जाऊन दाटीने राहिली. रोगाचं घर मालकाला पैसे देऊन गेलं. भाडेकरूला नवी गर्दी देऊन गेलं.

त्याच ट्रस्टने ज्या चाळी बांधल्या त्यांतली एक परळच्या पोयबावडीची. तिथल्या ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब आणि रमाई कितीतरी वर्षं राहिले. १९३४ च्या सुमारास ते दादरच्या राजगृहात गेले. जगातल्या मोठ्या विद्यापीठांत शिकून आलेला माणूस चाळीत भाड्याने राहत होता. त्याने चाळ आतून पाहिली होती, म्हणूनच त्याच्या लेखणीत कामगाराच्या घराचा प्रश्न ऐकीव राहिला नाही.

आणि बडोदा? १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेलेल्या बाबासाहेबांना जातीमुळे राहायला घर मिळालं नाही. पारशी धर्मशाळेत ते ओळख लपवून राहिले. त्या आठवणीत त्यांनी अडगळीने भरलेला अंधारा हॉल आणि त्यातली वटवाघळंही सांगितली आहेत. तिथे ते व्यवस्थापकाला "आधी ही वटवाघळं काढा" असं म्हणू शकले असते का? ज्याला ही जागा सोडली तर दुसरी मिळणार नाही, तो तक्रार करत नाही. अखेर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तिथूनही बाहेर काढलं.

माझ्या मते या विषयाचं मूळ इथे आहे. मालकाला "दुरुस्त करा" म्हणण्याची ताकद "नाहीतर मी जातो" या वाक्यातून येते. जात हे दुसरं वाक्य आपल्याकडून काढून घेते. प्रा. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेल्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावाने घर मागणाऱ्यांना नकार आणि जादा अटी मिळाल्याचं दिसलं. आपल्या जिल्ह्यात यासाठी अभ्यासाचीही गरज नाही, आडनाव विचारण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. चार ठिकाणी "खोली कालच गेली" हे ऐकून पाचव्या ठिकाणी मिळालेली खोली ढेकणांसकट मिळते, आणि आपण गप्प राहतो. वर घाणीचा ठपकाही आपल्यावरच येतो. अस्पृश्यतेने ज्यांच्याकडून गावाची घाण उचलून घेतली त्यांनाच घाण ठरवलं. भाड्याच्या खोलीत तेच गणित चालू आहे.

आता कायदा पाहू. मुंबई इलाख्यात १९१८ मध्ये भाडेनियंत्रण आलं, मग १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. आपला बुलडाणा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, म्हणून इकडे १९४९ चा भाडेनियंत्रण आदेश चालत होता. त्यात भाडेनियंत्रकाच्या परवानगीशिवाय मालकाला जागा सोडण्याची नोटीस देता येत नव्हती. हे सगळं गुंडाळून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तो परिशिष्टात दिलेल्या भागांना लागू होतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर, जागा चांगल्या आणि राहण्यायोग्य दुरुस्तीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी मुदतीत दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जिथे हा कायदा नाही तिथे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ आहे. मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला सहज न दिसणारा मोठा दोष त्याने आधीच सांगितला पाहिजे, असं ते कलम म्हणतं.

या कलमांत उंदीर, ढेकूण, वाळवी हे शब्द नाहीत. पण वाळवीने खाल्लेली चौकट, घुशीने उकरलेली फरशी, फुटलेली मोरी ही दुरुस्तीच आहे. 'राहण्यायोग्य' या शब्दाचा अर्थ पाहिला तर ज्या खोलीत रात्री झोप लागत नाही ती राहण्यायोग्य कशी?

एक फट मात्र लक्षात ठेवा. आपली बहुतेक मुलं ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहतात. कायद्याच्या भाषेत ती भाडेकरू नसतात, परवानाधारक असतात. कलम १४ चं संरक्षण त्यांना थेट मिळत नाही. म्हणून त्यांच्यासाठी करारातली ओळ हाच कायदा. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ११ महिन्यांचा असला तरीही, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं असल्याचं सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर येतो. तोंडी व्यवहारात आपणच दुबळे असतो हा समज यामुळे थोडा तरी हलला पाहिजे.

कुणी म्हणेल, ढेकूण भाडेकरूच्या गादीतूनही येतात, मग दरवेळी मालकच का? प्रश्न रास्त आहे, आणि आपली मागणी एकतर्फी नसावी. उष्टं-खरकटं उघडं न ठेवणं, खोली झाडणं, ढेकूण दिसताच लगेच लेखी कळवणं हे आपलं काम. आपल्या सामानातून आणल्याचं उघड असेल तर खर्चही आपला. खोली देण्याआधीचा बंदोबस्त, बिळं, गळकं छत, मोरी, जिना, सामायिक संडास आणि सगळ्या खोल्यांत एकाच वेळी करायचं पेस्ट कंट्रोल हे मालकाचं. रस्त्यावरचं गटार आणि कचरा नगरपालिकेचा. सार्वजनिक स्वच्छता हे १९६५ च्या नगरपालिका कायद्याप्रमाणे तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. ज्याचा ताबा त्याची जबाबदारी, एवढं साधं हे तत्त्व आहे.

सामाजिक काम करताना मला दिसतं, एकट्या पोराने तक्रार केली की त्याला खोली सोडायला सांगतात. एकाच इमारतीतल्या आठ खोल्यांनी मिळून सही केलेला अर्ज दिला की भाषा बदलते. म्हणून खोली घेताना फोटो काढा, डिपॉझिटची पावती घ्या, करारात "कीड-उंदीर बंदोबस्त मालकाकडे" ही ओळ लिहून घ्या. आणि विहारात, अभ्यासिकेत खोल्यांची यादी ठेवा, म्हणजे नव्या मुलाला गरजेपोटी कुठलीही खोली घ्यावी लागणार नाही. जात आपल्याकडून "मी जातो" हे वाक्य काढून घेते. संघटना ते परत देते.

प्लेगच्या वेळी गोधडी आपली जळाली आणि भरपाई मालकाला मिळाली. हा हिशेब पुन्हा तसाच होऊ द्यायचा की नाही, हे आता आपल्या हातात आहे.

जय भीम!