भरलेले बाक, निजलेली मंडळी

अमेरिकन मराठी मिशन आणि अहमदनगरहून १८४२ साली निघू लागलेले त्याचे ‘ज्ञानोदय’ ही नावे जुन्या मराठी घरांना परकी नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळकांमुळे ती आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातही आली आहेत. या मिशनचे पहिले मिशनरी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले. त्यांना धाडणारी संस्था १८१० साली अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात स्थापन झाली होती, आणि तेथील धर्मविचारावर ज्यांची छाया फार गडद होती ते पाळक म्हणजे जोनाथन एडवर्ड्स (१७०३–१७५८). डेव्हिड ब्रेनर्ड या तरुण मिशनऱ्याची दैनंदिनी त्यांनी १७४९ साली संपादून प्रसिद्ध केली, आणि तिने पुढच्या अनेक मिशनऱ्यांना घराबाहेर काढले. नवल असे की, ज्यांच्या लेखनाने माणसे सातासमुद्रापार गेली, त्यांना स्वतःच्या गावची मंडळी जागी ठेवता आली नाही. तेवीस वर्षांच्या सेवेनंतर तिने त्यांना निरोप दिला. ही हकिगत आम्हांस विचार करण्याजोगी वाटते.

इंग्लंडमधील धर्मव्यवस्थेशी न पटल्याने सतराव्या शतकात अटलांटिक ओलांडून गेलेल्या प्युरिटन लोकांनी न्यू इंग्लंडमध्ये गावोगावी छोट्या मंडळ्या स्थापिल्या. (चर्चच्या सभासदसमूहास मराठी ख्रिस्ती परिभाषेत ‘मंडळी’ म्हणतात, तोच शब्द आम्ही योजीत आहोत.) मंडळीत प्रवेश मिळणे सोपे नव्हते. ईश्वरी कृपेने आपल्या अंतःकरणात पालट घडला आहे, अशी साक्ष इच्छुकास द्यावी लागे. पहिल्या पिढीने ती दिली. त्यांच्या मुलांपैकी पुष्कळ जण बाप्तिस्मा झालेले व सदाचारी होते, पण साक्ष देण्याजोगा अनुभव त्यांच्यापाशी नव्हता. मग त्यांच्या मुलांचे काय? १६६२ साली पाळकांच्या परिषदेने तोड काढली. अशा आईबापांच्या मुलांना बाप्तिस्मा द्यावा, मात्र त्या आईबापांस प्रभुभोजनाचा अधिकार नसावा. पुढे यास ‘अर्ध्या वाटेचा करार’ असे नाव पडले. आजोबांनी कमावलेले नातवंडांस वारशाने द्यावे की नाही, हाच तो प्रश्न. पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या तुमच्या-आमच्या घराण्यांना तो अपरिचित वाटू नये.

मॅसॅच्युसेट्समधील कनेक्टिकट नदीकाठचे नॉर्थॅम्प्टन हे सुमारे दोनशे कुटुंबांचे गाव होते. तेथे १६७२ पासून १७२९ साली मृत्यू येईपर्यंत सॉलोमन स्टॉडर्ड हे पाळक होते. त्यांनी उरलेली अर्धी वाटही मोकळी केली. उघड दुराचारी नसलेल्या प्रत्येकास ते प्रभुभोजनास बसू देत. हेतू चांगला होता. त्या पंगतीस बसता बसताच एखाद्यास जाग येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. परंतु सवलत दोन पिढ्या टिकली की तिचा हक्क होतो. गावाने हळूहळू असे मानले की, चारचौघांत नीट वागावे, रविवारी बाकावर बसावे, म्हणजे धर्माचे देणे फिटले.

या स्टॉडर्डांच्या मुलीचे पुत्र म्हणजे एडवर्ड्स. ते १७२७ साली आजोबांचे साहाय्यक म्हणून आले आणि दोन वर्षांनी मंडळीचा सारा भार त्यांच्यावर आला. आजोबांच्या निधनानंतरच्या त्या काळात गावात धर्माविषयी कमालीची मरगळ होती, असे त्यांनीच पुढे लिहून ठेवले. तरुण मंडळी रात्री-अपरात्री भटकत, गुत्त्यांत रमत. १७३४ च्या अखेरीस मात्र वारे फिरले. घरोघरी आत्म्याच्या तारणाखेरीज दुसरा विषय उरला नाही. सहा महिन्यांत तीनशेहून अधिक माणसांचे मनःपरिवर्तन झाले, असा एडवर्ड्स यांचा अंदाज होता. त्यांनी लिहिलेला वृत्तांत १७३७ साली लंडनमध्ये छापला गेला आणि नॉर्थॅम्प्टन जगाला ठाऊक झाले.

तो वृत्तांत छापून होईपर्यंत त्यातील नॉर्थॅम्प्टन उरले नव्हते. १७३५ च्या जूनमध्ये एडवर्ड्स यांचे नात्यातले काका जोसेफ हॉली यांनी धार्मिक विषादातून आत्महत्या केली आणि लाट ओसरू लागली. १७३७ च्या मार्चमध्ये भर उपासनेत जुन्या प्रार्थनागृहाचा सज्जा कोसळला. आश्चर्य म्हणजे कोणीही दगावले नाही. एडवर्ड्स यांना त्यात ईश्वरी इशारा दिसला. गावाने देवाचे आभार मानले आणि नव्या प्रार्थनागृहात कोणी कोठे बसावे याच्या वाटाघाटी आरंभिल्या. जागा देताना पहिला मान मालमत्तेस मिळाला, वयास त्यानंतर. जागृतीची कीर्ती मिळालेले गाव त्या कीर्तीवरच निश्चिंत झाले होते. पाळकाची खरी व्यथा ही होती. रिकामे बाक दिसले असते तर निदान काही हरवले आहे एवढे तरी सर्वांस कळले असते. येथे बाक भरलेले होते.

१७४१ च्या ८ जुलै रोजी एनफील्ड या शेजारच्या गावी त्यांनी दिलेले प्रवचन अमेरिकेच्या इतिहासात सर्वांत प्रसिद्ध ठरले. क्रुद्ध ईश्वराच्या हाती सापडलेल्या पाप्यांविषयीचे ते प्रवचन ऐकताना लोकांचा आक्रोश इतका वाढला की, त्यांना मध्येच थांबून शांततेची विनंती करावी लागली. हेच प्रवचन ते थोडे दिवस आधी नॉर्थॅम्प्टनमध्ये देऊन आले होते. तेथे असे काही घडल्याची नोंद नाही.

मग त्यांनी बंधने घट्ट केली. १७४२ साली चौदा वर्षांवरील सर्वांकडून सदाचाराचा लेखी करार करून घेतला. १७४४ साली काही तरुण सुईणींच्या उपयोगाची पुस्तके चोरून वाचतात व त्यावरून मुलींची चेष्टा करतात, अशी तक्रार आली. एडवर्ड्स यांनी चौकशीस बोलवायच्या मुलांची नावे भर सभेत वाचली. त्यांत आरोपी कोण आणि साक्षीदार कोण, हे सांगितलेच नाही. गावातील प्रतिष्ठित घराणी दुखावली. शिवाय वेतनाचा वाद वर्षानुवर्षे धुमसत होताच. पाळकांच्या घरखर्चाचाही हिशेब मागितला गेला. त्या प्रकरणानंतर जवळजवळ चार वर्षे सभासदत्वासाठी एकही अर्ज आला नाही.

१७४८ च्या डिसेंबरात एक जण आला, तेव्हा एडवर्ड्स यांनी आजोबांची रीत मोडून त्याच्याकडे श्रद्धेची साक्ष मागितली. त्याने नकार दिला आणि गाव पेटले. आपली बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी १७४९ साली छापले, ते गावातील फार थोड्यांनी वाचले. १७५० च्या फेब्रुवारीत त्यांनी याच विषयावर व्याख्याने दिली. ऐकायला आले ते बहुतेक बाहेरगावचे. त्या जूनमध्ये मंडळीचे मत घेतले गेले. मताचा अधिकार पुरुष सभासदांनाच होता. दोनशेहून अधिक मते त्यांना काढून टाकण्याच्या बाजूने पडली, विरुद्ध केवळ २३. १ जुलै रोजी निरोपाच्या प्रवचनात त्यांनी एवढेच सांगितले की, पाळक आणि मंडळी यांची आणखी एक भेट अंतिम न्यायासनापुढे व्हायची आहे.

एवढ्यावरून एडवर्ड्स यांना हुतात्मा ठरवावे, असे आम्हांस वाटत नाही. दिवसाचे तेरा तास ते अभ्यासिकेत घालवीत. घरोघरी भेटी देण्याचा त्यांचा रिवाज नव्हता. लोकांच्या झोपेचे निदान त्यांनी अचूक केले, पण ज्यांना उठवायचे त्यांच्या उशाशी ते फारसे बसले नाहीत. शिवाय त्यांच्या स्वतःच्या घरातही एक कोपरा निजलेलाच होता. १७३१ साली न्यूपोर्टच्या बाजारात त्यांनी व्हीनस नावाची चौदा वर्षांची आफ्रिकी मुलगी ८० पौंडांस विकत घेतली होती. गुलामगिरी त्यांच्या भोवतालच्या सभ्य समाजास जितकी स्वाभाविक वाटे, तितकीच त्यांनाही वाटली. सर्वमान्य झालेली गोष्ट तपासून पाहावी, हे त्यांनी मंडळीस शिकविले. या एका बाबतीत ते काम त्यांच्या मुलास करावे लागले. त्याच नावाच्या त्या पुत्राने १७९१ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध प्रवचन दिले.

नॉर्थॅम्प्टनला नवा पाळक लवकर मिळेना. तेव्हा काही महिने गावाने काढून टाकलेल्या एडवर्ड्स यांनाच प्रवचनामागे मोबदला ठरवून बोलाविले, आणि ते गेले. ज्यांनी विरुद्ध मत दिले तेच लोक त्याच बाकांवर बसून ऐकत होते. १७५१ साली एडवर्ड्स स्टॉकब्रिज येथे मूळ रहिवाशांच्या मिशनवर गेले. पुढे प्रिन्स्टनच्या महाविद्यालयाचे अध्यक्षपद स्वीकारल्यावर थोड्याच आठवड्यांत, १७५८ च्या मार्चमध्ये, देवीची लस टोचून घेतल्याचे निमित्त होऊन ते वारले. त्यांच्या विरोधकांचा एक पुढारी आत्महत्या केलेल्या हॉलींचाच मुलगा, जोसेफ हॉली हा होता. आपण त्या वेळी उद्दामपणे वागलो, अशी जाहीर कबुली देणारे त्याचे पत्र १७६० साली छापले गेले. त्या गावातील एकाला तरी जाग आली होती. ते वाचण्यास एडवर्ड्स मात्र उरले नव्हते.