व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर : एकत्र नांदलेली जोडी

आपल्याकडे ‘ट्रान्झिस्टर’ हा शब्द रूढ झाला तो काखोटीला मारून शेतावर नेता येणाऱ्या छोट्या रेडिओचे नाव म्हणून. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, सांगली केंद्र १९६३ साली. सीमाभागातल्या कितीतरी घरांत कानडी नि मराठी गाणी एकाच पेटीतून ऐकली गेली. ती पेटी आधी व्हॉल्व्हची होती, बटण फिरवल्यावर तापायला वेळ घेणारी. पुढे ट्रान्झिस्टर आला आणि व्हॉल्व्हचे युग संपले, अशी सर्वांची समजूत झाली. घरगुती संगीतयंत्रांचा इतिहास मात्र इतका सरळ नाही.

फ्लेमिंगने पहिला व्हॉल्व्ह १९०४ साली केला. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्टने त्यात तिसरे टोक घातले आणि क्षीण विद्युत्‌संदेश मोठा करण्याची वाट उघडली. गंमत अशी की १९४७ हे वर्ष दोघांचेही. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकाने विल्यमसन यांचा पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर छापला आणि हौशी मंडळींनी तो घरोघरी बांधला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी ट्रान्झिस्टर चालवून दाखवला.

संगीतयंत्रात दोन कामे असतात. तबकडीवरच्या सुईतून येणारा संदेश व्होल्टच्या काही हजारांशाइतका असतो. त्याला वाढवून वळण लावणे हे प्रीअ‍ॅम्प्लिफायरचे काम. त्यापुढे स्पीकर हलवण्याची ताकद देणे हे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचे. पहिल्या कामात व्हॉल्व्हच्या खोडी फार जाणवतात. त्याची तार तापवणाऱ्या विजेचा गुणगुणाट आत शिरतो, काचेला टिचकी मारली तरी स्पीकरमध्ये ऐकू येते, आणि इथे शिरलेला दोष पुढे कैक पटींनी मोठा होतो. सुरुवातीच्या जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांची खरखर कमी नव्हती. पण सिलिकॉनचे चांगले ट्रान्झिस्टर हाती आल्यावर हे काम त्यांनी सहज पेलले.

दुसऱ्या कामात चित्र उलटे होते. साठच्या दशकातील अनेक ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्प्लिफायरांत एका ट्रान्झिस्टरने दुसऱ्याकडे सूर सोपवताना मध्ये सांधा राहून जाई. हळू आवाजात तो कानाला टोचे. स्पीकरच्या तारा चुकून एकमेकींना लागल्या तर ट्रान्झिस्टर जळत. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ताकद संपत आली की एकदम तुटत नसे, सावकाश मंदावे. मग चालता पॉवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवून फक्त पुढची पेटी बदलली तर काय बिघडले?

अमेरिकेतल्या डायनाको कंपनीचा ‘स्टिरिओ ७०’ हा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर १९५९ चा, दर बाजूस पस्तीस वॅटचा. त्याच कंपनीने साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘पॅट-४’ हा ट्रान्झिस्टर प्रीअ‍ॅम्प्लिफायर काढला. विजेच्या हिशेबानेही ही सोयरीक सोपी. ट्रान्झिस्टरची पेटी लांब तारेतूनही संदेश न थकता पोहोचवते आणि व्हॉल्व्हची पेटी तिच्याकडून फारच थोडा प्रवाह मागते. याउलट काही व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प्लिफायर ट्रान्झिस्टरच्या यंत्राला जोडले, की खर्जाचे सूर पातळ होतात.

तरी पत्रिका पाहावी लागतेच. इंग्लंडच्या क्वाडचा १९५३ चा ‘क्वाड २’ पूर्ण पंधरा वॅटसाठी सुमारे १.४ व्होल्ट मागतो. त्याच घराण्यातला १९६७ चा ट्रान्झिस्टर प्रीअ‍ॅम्प्लिफायर ‘३३’ हा अर्ध्या व्होल्टच्या हिशेबाने बांधलेला. कुळ एक, पण माप वेगळे.

पुढे ट्रान्झिस्टरचे पॉवर अ‍ॅम्प्लिफायरही सुधारले. तेव्हा कोण श्रेष्ठ, हा वाद इथे नको. पण ‘जुने झाले’ एवढ्याच कारणाने माळ्यावरची अशी यंत्रे भंगारात किलोवर जातात, ते थांबावे. व्हॉल्व्ह आजही रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये तयार होतात. मात्र माळ्यावरून काढलेले यंत्र थेट विजेला लावू नये. आत चारशे व्होल्ट खेळतात आणि जुने कंडेन्सर दगा देतात; जाणत्या कारागिराला आधी दाखवावे. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर चालवू नये.

बाजारात एक भाषा आणि देवघरात दुसरी बोलणाऱ्या आपल्या घरांना ही गोष्ट नवी वाटू नये. नवी आली म्हणून जुनी घराबाहेर काढायची नसते. कोणते काम कोणाकडे द्यायचे, तेवढे ठरवायचे असते.