तोंड व घसा

तोंड व घसा : ओठांपासून अन्ननलिका व श्वासनलिका यांच्या सुरुवातीपर्यंतचा, पचनसंस्था आणि श्वसनसंस्था या दोहोंना सामाईक असलेला शरीराचा भाग. चावणे, चव घेणे, गिळणे, श्वासोच्छ्वास आणि बोलणे ही सारी कामे याच चिंचोळ्या जागेत चालतात. अन्न पुढून, तोंडावाटे येते आणि मागच्या अन्ननलिकेत उतरते. हवा वरून, नाकावाटे येते आणि पुढच्या श्वासनलिकेत शिरते. म्हणजे या दोन वाटा घशात एकमेकींना छेदतात. या भागातली बरीचशी रचना या एका छेदामुळे अशी झाली आहे, आणि त्यातले मोठे धोकेही त्यातूनच आले आहेत.

तोंडाचे छत म्हणजे टाळू. जिभेचे टोक वरच्या दातांपासून मागे मागे नेले की हाडाचा कठीण टाळू संपून स्नायूंचा मऊ टाळू कुठे सुरू होतो ते कळते. मऊ टाळूच्या मध्यावर पडजीभ लोंबते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत गिलायू, म्हणजे टॉन्सिल, असतात. दुधाचे दात 20 व कायमचे 32. प्रत्येक जबड्यात पटाशीचे 4, सुळे 2, उपदाढा 4 आणि अक्कलदाढांसह दाढा 6. दातावरचे दंतवल्क हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे. पण त्यात जिवंत पेशी नसल्याने एकदा झिजले की ते पुन्हा येत नाही.

लाळग्रंथींच्या मोठ्या जोड्या तीन : कानापुढची, खालच्या जबड्याखालची आणि जिभेखालची. गालफुगीत सुजते ती कानापुढची. दिवसाला सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. भाकरीचा घास नेहमीपेक्षा जास्त वेळ चावला तर तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेतले अमायलेज पिठातल्या स्टार्चचे तोंडातच शर्करेत रूपांतर करू लागते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि दात अन्नकणांच्या व जंतूंच्या तावडीत सापडतात. रात्री निजण्यापूर्वी दात घासण्याचे महत्त्व एवढ्यासाठी आहे.

जिभेवर गोड शेंड्याला, कडू मुळाशी असा नकाशा अनेक पुस्तकांत छापला गेला. तो चुकीचा आहे. जर्मन संशोधक हेनिग यांनी 1901 मध्ये नोंदवलेले बारीक फरक पुढच्यांनी फुगवले. रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या चवी कळतात. आधुनिक शास्त्र गोड, आंबट, खारट, कडू आणि जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदा यांनी 1908 मध्ये वेगळी ओळखलेली उमामी अशा पाच चवी मानते. आयुर्वेदाचे रस सहा, त्यांत उमामी नाही, पण तिखट व तुरट आहेत. (संस्कृतात कटू म्हणजे तिखट आणि तिक्त म्हणजे कडू, मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते.) शास्त्राच्या दृष्टीने तिखट ही चव नसून दाह आहे : मिरचीतले कॅप्सेसिन उष्णतेची वेदना ओळखणाऱ्या ग्राहीलाच चेतवते. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना 2021 च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. म्हणून ठेचा ओठांनाही झोंबतो आणि मिरची चिरलेला हात डोळ्याला लागला तर डोळाही जळतो.

तोंडामागची सुमारे 12 ते 13 सेंमी. लांबीची स्नायूंची नळी म्हणजे ग्रसनी. रोजच्या बोलण्यातला घसा बहुतांशी हाच. नाकामागच्या तिच्या वरच्या भागात मध्यकर्णाकडून येणारी नळी उघडते. घाटात गाडी चढताना दडे बसलेले कान आवंढा गिळल्यावर मोकळे होतात, कारण गिळताना ही नळी क्षणभर उघडते. लहान मुलांत ती आखूड व आडवी असते. सर्दीपाठोपाठ त्यांचे कान दुखतात ते बहुधा यामुळे.

गिळणे ही या भागातली सर्वांत नाजूक क्रिया आहे. गळ्यावरच्या घाटीवर बोट ठेवून आवंढा गिळला तर घाटी चटकन वर जाऊन खाली येते. तेवढ्या वेळात, सुमारे एका सेकंदात, पुढील गोष्टी घडलेल्या असतात : जीभ घास मागे लोटते, मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद करतो, श्वास थांबतो, स्वरतंतू मिटतात, स्वरयंत्र वर व पुढे ओढले जाऊन त्यावर पानासारखी लवचीक कूर्चा झुकते, आणि एरवी मिटलेले अन्ननलिकेचे तोंड उघडते. घास मागे लोटेपर्यंत सारे आपल्या इच्छेवर असते, पुढचे नाही. त्याची सूत्रे मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे असतात. पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी पाजताना ठसका लागतो तो हा मेळ बिघडल्यामुळे. पातळ पाणी दाट खिमटीपेक्षा वेगाने धावते, म्हणून अशा रुग्णाला पाणीच जास्त धोक्याचे ठरू शकते. घरच्यांनी प्रेमापोटी पाण्याचा पेला तोंडाला लावण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र बरेच वर असते. वाढत्या वयात ते खाली उतरते, त्याच्या वर पोकळी तयार होते आणि तिच्यामुळे माणसाला स्पष्ट, विविध स्वर काढता येतात. मात्र हवा व अन्न यांची सामाईक वाट त्यामुळे लांबते आणि घास श्वासनलिकेत अडकण्याचा धोका वाढतो. अशा वेळी माणसाला बोलता वा खोकता येत नसेल, तर त्याला पुढे वाकवून पाठीवर खांद्यांच्या फऱ्यांमध्ये पाच जोरदार थापा माराव्यात. न जमल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर दाब द्यावा. पोटावरचा दाब अमेरिकी शल्यविशारद हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये सुचवला. वर्षाच्या आतल्या बाळाला तो देऊ नये.

स्वरतंतू हे नाव तारेची आठवण देते, पण त्या श्लेष्मल त्वचेने मढलेल्या स्नायूंच्या दोन घड्या आहेत. मॅन्युएल गार्सिया या स्पॅनिश गायनशिक्षकाने 1854 मध्ये दोन आरसे व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. स्वरयंत्र तपासण्याच्या तंत्राची सुरुवात तिथून मानतात. घड्यांतून उठणारा नाद हा कच्चा माल. त्याचे वर्ण घडतात जीभ, टाळू, दात व ओठ यांच्यात. हे ज्ञान भारतीय व्याकरणकारांनी थेट वर्णमालेत गुंफले : क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग हा क्रम म्हणजे तोंडाच्या मागच्या टोकापासून ओठांपर्यंतचा प्रवास. कंठ्य म्हटला जाणारा ‘क’ खरे तर जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकून उमटतो. मराठीत ‘चिंच’ या एका शब्दात पहिला च टाळूवर व दुसरा दातांमागे उच्चारला जातो. ‘ळ’साठी जिभेचे टोक मागे वळते. ‘म’ म्हणताना मऊ टाळू खाली राहून हवा नाकातून जाते. नाक चोंदले की ‘मामा’ हा शब्द ‘बाबा’च्या जवळ जातो.

या भागाचे विकार अनेक आहेत. लसीकरणाने घटसर्प मागे हटला. मुलांतली स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची घसादुखी नीट उपचारांअभावी संधिज्वरातून हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचू शकते. मात्र आपल्याकडे सर्वांत चिंतेचा विषय मुखकर्करोग आहे. भारतातील पुरुषांत तो आघाडीवरचा कर्करोग आहे आणि त्याचे मुख्य कारण तंबाखू. जिथे तंबाखूचा बार धरतात त्या गालाच्या कप्प्यात व लगतच्या हिरडीवर तो अनेकदा उगवतो. दात घासण्याच्या नावाखाली वापरली जाणारी मिश्रीही तंबाखूच आहे. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. नुसती सुपारीही निर्दोष नाही : तिच्यामुळे गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते व तोंड उघडेनासे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला कर्करोगकारक ठरवले.

निरोगी प्रौढाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ती मावेनाशी झाली, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसला, एखादा व्रण दोन आठवड्यांत भरला नाही किंवा आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. सुरुवातीचा मुखकर्करोग बहुधा दुखत नाही.