‘क’चा क्रमांक २३२५

मुंबई-आग्रा महामार्गावरचे आमचे घोटी हे भाताच्या बाजाराचे आणि भातगिरण्यांचे गाव. पोत्यावर नाव एका वाणाचे आणि आत तांदूळ दुसराच निघाला, तर इथे भांडण ठरलेलेच. संगणकावरच्या मराठीची सुरुवातीची वर्षे मात्र अशीच गेली. त्याचा चटका मलाही बसला.

गोष्ट २००१ सालची. आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, भाताच्या जुन्या वाणांची चांगली माहिती होती. आंबेमोहोर, कोळपी, गरी. कोणता कुठल्या खाचरात येतो, कोणता वाऱ्यापावसात आडवा होतो, हे सारे मी त्यांच्या तोंडून उतरवून घेतले आणि त्याचे वेबपान करायचे ठरवले. नाशिकच्या एका सायबर कॅफेत बसून शिकलो.

साधने किती लागली? एक नोटपॅड आणि एक ब्राउझर. दोन्ही विंडोजबरोबरच मिळत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये ‘सर्न’ या युरोपीय संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली. ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ते तंत्र सर्वांना विनामूल्य खुले केले. आपल्याकडे सर्वसामान्य ग्राहकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमकडून. कुठल्याही पानामागची मूळ संहिता ब्राउझरमध्ये उघडून पाहता येई. दुसऱ्याचे पान पाहायचे, त्यातल्या खुणा समजून घ्यायच्या आणि आपले पान करायचे. माझ्यासारखे कितीतरी जण असेच शिकले.

अडले ते अक्षरापाशी. त्या वेळचे बहुतेक मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवत. पडद्यावर ‘क’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ते इंग्रजी अक्षरच. त्यातही प्रत्येकाची मांडणी निराळी. मी फ्लॉपी घेऊन घोटीला आलो आणि एका परिचितांच्या संगणकावर पान उघडले. तिथे तो फॉन्ट नव्हता. इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा! दादांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, “अरे, यात माझा तांदूळ कुठाय?”

खरे तर यावरचा उपाय तोवर निघालेला होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले ‘जिस्ट’चे काम पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने पुढे नेले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ ही सामाईक क्रमांकपद्धती ठरली. तिच्याच आधारे युनिकोडने १९९१ मध्ये देवनागरीला स्वतंत्र जागा दिली. तेव्हापासून युनिकोड जाणणाऱ्या जगातल्या कोणत्याही संगणकाला ‘क’ म्हणजे २३२५. विंडोज २००० मध्ये ही देवनागरी आली. तिचा ‘मंगल’ हा टंक घडवला कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाही सुरू झाला. पण हे सारे आमच्या गावापर्यंत पोहोचायला आणखी काही वर्षे गेली.

तोवर दादा गेले. जुना फॉन्ट मी फ्लॉपीवर जपून ठेवला होता, म्हणून त्यांचे शब्द वाचता तरी आले. ते पुन्हा युनिकोडमध्ये टंकले. पण नोटपॅडमध्ये जतन करताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडायचा राहिला. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली, तर प्रश्नचिन्हांच्या रांगा! सगळे तिसऱ्यांदा लिहिले.

२०१९ मध्ये विंडोजच्या नोटपॅडने ‘यूटीएफ-८’ हाच आपला मूळ पर्याय केला. आता व्हिज्युअल स्टुडिओ कोडसारखी उत्तम साधनेही फुकट मिळतात. वेबपाने करायला शिकणाऱ्या मुलांना मी एवढेच सांगतो : साधन कोणतेही घ्या, पण पानाच्या सुरुवातीला ‘यूटीएफ-८’ची ओळ विसरू नका. दादांचे पान आज माझ्या मुलाच्या मोबाइलवर उघडते आणि तिथे आंबेमोहोर हा आंबेमोहोरच दिसतो.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)