आधी काय पडलं? : एका ३.९ च्या भूकंपाची गोष्ट

ज्यांनी कधी प्रॉडक्शन सपोर्ट केलाय त्यांना हा सीन तोंडपाठ असेल. रात्री अडीच-पावणेतीनची वेळ, कॉलवर आठ-दहा जण आणि दोन टीम्सचं भांडण. एक म्हणते डेटाबेस पडला म्हणून ॲप्लिकेशन पडलं, दुसरी म्हणते तुमच्या ॲप्लिकेशननेच डेटाबेस पाडला. दोन्ही पडलंय याबद्दल वाद नाही. वाद एवढाच, की आधी काय पडलं? गेल्या महिन्यात अशाच एका कॉलवर मी पहाटेपर्यंत जागत होतो. निकाल शेवटी लागला तो लॉगमधून, कुणाच्या चढ्या आवाजातून नाही.

त्या शनिवारी झोप काढून उठल्यावर इकडचं तिकडचं वाचत बसलो होतो, तर अगदी हाच वाद एका कोळशाच्या खाणीबद्दल सापडला. फरक इतकाच, की तिथे सहा माणसं आत अडकली होती.

६ ऑगस्ट २००७. अमेरिकेतल्या युटा राज्यात क्रॅन्डल कॅन्यन नावाची खाण. पहाटे २ वाजून ४८ मिनिटांनी आसपासच्या भूकंपमापकांनी ३.९ रिश्टरचा धक्का नोंदवला आणि त्याच वेळी खाणीचा मोठा भाग आतल्या आत बसला. सहा कामगार आत. खाणीचे सहमालक रॉबर्ट मरे यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर ठासून सांगितलं, की भूकंप झाला आणि त्यामुळे खाण कोसळली. म्हणजे निसर्गाचा कोप, त्याला कोण काय करणार! युटा विद्यापीठातले भूकंपतज्ज्ञ मात्र काही दिवसांतच म्हणू लागले, की आमच्या नोंदींवरून उलटं दिसतंय. भूकंपामुळे खाण कोसळलेली नाही, खाणीचं कोसळणं हाच तो 'भूकंप' आहे.

आता जरा थांबा. सहाशे मीटर खडकाखाली, डोळ्याने काही दिसत नसताना, दूरवरच्या कागदी रेघांवरून हे कसं काय कळतं? आणि तेही ३.९ सारख्या किरकोळ धक्क्याबद्दल? हे एका दिवसात जमलेलं नाही. त्यामागे नव्वद वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मला खाणीच्या गोष्टीइतकाच भारी वाटला.

सुरुवात जपानमध्ये झाली. १९१७ साली क्योटोच्या तोशी शिदा यांनी एका भूकंपाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी नकाशावर मांडल्या. त्यांनी फक्त एकच गोष्ट पाहिली : पहिली लहर पोचली तेव्हा जमीन केंद्रापासून बाहेर ढकलली गेली, की केंद्राकडे ओढली गेली? नकाशा भरल्यावर दिसलं, की एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषांनी त्याचे चार भाग पडतायत. ढकल, ओढ, ढकल, ओढ. अगदी सुबक.

हे असं का, ते लोकलच्या गर्दीत उभं राहिलं की कळतं. एखादा माणूस पुढे सरकला की पुढच्याला धक्का बसतो आणि मागच्याला जागा मोकळी होते. जमिनीतल्या भेगेच्या, म्हणजे फॉल्टच्या, एका बाजूचा खडक उत्तरेला सरकला आणि दुसऱ्या बाजूचा दक्षिणेला, तर दोघांच्याही पुढे दाब आणि मागे ताण तयार होतो. झाले चार भाग. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपानंतर हॅरी रीड यांनी मांडलंच होतं, की खडक वर्षानुवर्षं ताणला जातो आणि एक दिवस फॉल्टवर सटकतो. शिदांच्या नकाशाने ते सटकणं दूर बसून वाचायची सोय केली. पुढे १९२० च्या दशकात बर्कलीच्या पेरी बायर्ली यांनी याच कल्पनेवरून फॉल्टची दिशा काढायची पद्धत बसवायला घेतली.

पण यात एक गोम होती. काटकोनातल्या दोन रेषांपैकी खरा फॉल्ट कुठला? नुसत्या पहिल्या धक्क्यावरून ते सांगता येत नाही, दोन्ही उत्तरं सारखीच बसतात. त्यातून दुसरा वाद निघाला, तो काही दशकं चालला. फॉल्ट सरकतो तेव्हा खडकावर बलांची एक जोडी काम करते, की एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन जोड्या? जपानी मंडळी दोन म्हणत, पाश्चात्त्यांपैकी बरेच जण एक म्हणत. गंमत म्हणजे पहिल्या येणाऱ्या 'पी' लहरींचा नकाशा दोन्ही बाबतीत एकच येतो. फरक दिसतो तो मागून येणाऱ्या 'एस' लहरींमध्ये, आणि त्या तेव्हा नीट वाचता येत नसत. शेवटी १९६३ साली मारुयामा यांनी आणि १९६४ साली बरिज आणि नोपॉफ यांनी गणिताने दाखवून दिलं, की फॉल्टवरचं सरकणं म्हणजे दोन जोड्याच. वाद मिटला.

एव्हाना या विषयात एक वेगळंच गिऱ्हाईक शिरलं होतं, ते म्हणजे अणुबॉम्ब. १९५८ साली जिनिव्हात पूर्व आणि पश्चिमेचे तज्ज्ञ एकत्र बसले. अणुचाचण्यांवर बंदी घातली तर ती कुणी चोरून मोडतंय हे कळणार कसं? जमिनीखालच्या स्फोटाचा धक्का आणि छोटा भूकंप वेगळे कसे ओळखायचे? शिदांच्या हिशेबाने उत्तर सोपं होतं. स्फोट सगळीकडे बाहेरच ढकलतो, तेव्हा प्रत्येक स्टेशनवर पहिली हालचाल 'ढकल' असली पाहिजे. एका जरी ठिकाणी स्पष्ट 'ओढ' दिसली तरी तो नुसता स्फोट नाही. कागदावर झकास! प्रत्यक्षात छोट्या धक्क्याची पहिली हालचाल इतकी बारीक असते, की वारा, समुद्र, रस्त्यावरची वाहतूक यांच्या गोंगाटात ती हरवूनच जाते.

मग अमेरिकेने यात पैसा ओतला आणि १९६० च्या दशकात जगभर सुमारे १२० ठिकाणी एकाच बनावटीची यंत्रं बसवली. भारतात ती दिल्ली, शिलाँग, कोडाईकनाल आणि आपल्या पुण्यात होती. बॉम्ब शोधायला मांडलेल्या या जाळ्याने भूकंपशास्त्राचं नशीबच उघडलं. सगळीकडे सारखंच यंत्र असल्यामुळे एका ठिकाणच्या नोंदीची दुसरीकडच्या नोंदीशी तुलना करता येऊ लागली. याच नोंदी वापरून १९६७ साली लिन साइक्स यांनी समुद्रतळावरचे फॉल्ट नेमके कुठल्या दिशेने सरकतात ते दाखवलं, आणि खंड सरकतात या म्हणण्याला मोठा आधार मिळाला.

आता आपल्या भाषेत बोलू. पहिली हालचाल वर की खाली, ही प्रत्येक स्टेशनकडून मिळणारी फक्त एक बिट माहिती झाली. त्यामागून मिनिटभर जी वेडीवाकडी रेघ येते ती आपण फेकूनच देतोय की! त्या रेघेत हजारो सॅम्पल्स आहेत.

ती रेघ वापरायचा रस्ता १९७० च्या सुमारास फ्रीमन गिल्बर्ट यांनी दाखवला. जमिनीतल्या कुठल्याही छोट्याशा उलथापालथीचं वर्णन सहा आकड्यांत करता येतं. फॉल्ट सरकला, स्फोट झाला, पोकळी बसली, काहीही असो, सहा आकडे. या सहाच्या संचाला मोमेंट टेन्सर म्हणतात. सहा मूळ प्रकारांपैकी प्रत्येकाने अमुक अंतरावर कशी रेघ उमटेल ते आधी गणिताने काढून ठेवायचं. प्रत्यक्ष आलेली रेघ म्हणजे या सहा रेघांची कमीअधिक प्रमाणात केलेली बेरीज. अज्ञात सहा, समीकरणं हजारो... इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला 'हे कुठे उपयोगी पडणार?' म्हणत घोकलेलं लीस्ट स्क्वेअर्स आठवतंय ना? तेच! खोली आणि वेळ बदलून बदलून बघायचं आणि जिथे रेघा सगळ्यात चांगल्या जुळतील ते उत्तर घ्यायचं. १९८१ साली हार्वर्डच्या ॲडम जेवॉन्स्की आणि सहकाऱ्यांनी जगातल्या मोठ्या भूकंपांसाठी हे काम नेमाने करायची पद्धत बसवली.

मोठ्या भूकंपांसाठी, हं. छोट्यांचं दुखणं निराळं आहे. मोठा भूकंप लांबलचक, संथ लहरी सोडतो. ट्रक जसा छोट्या खड्ड्यांवरून बेफिकीर जातो तशा त्या जमिनीतल्या बारीकसारीक थरांवरून निघून जातात. छोट्या भूकंपाची ताकद मुख्यतः आखूड, झपझप लहरींत असते. त्यांची अवस्था सायकलसारखी, प्रत्येक खड्डा जाणवतो. म्हणजे वाटेतल्या खडकाचा नकाशा चुकला, की तुम्ही काढलेली रेघ चुकलीच. शिवाय छोटा धक्का दूरवर पोचत नाही, त्यामुळे हाताशी स्टेशनं मोजकीच.

यावर तोड निघाली ती जवळच्याच पण चांगल्या यंत्रांची. १९८० नंतर आलेली डिजिटल ब्रॉडबँड यंत्रं संथ आणि जलद दोन्ही लहरी नीट टिपू लागली. कॅलिफोर्नियात डग्लस ड्रेगर, डॉन हेल्मबर्गर वगैरे मंडळींनी १९९० च्या दशकात काही शे किलोमीटरच्या आतली स्टेशनं घेतली, रेघेतल्या फक्त संथ लहरी गाळून ठेवल्या आणि त्या भागासाठी जमिनीच्या थरांचं साधं मॉडेल वापरलं. छोट्या भूकंपातही थोड्याफार संथ लहरी असतातच, तेवढ्या पुरतात. अशा रीतीने ४ च्या आगेमागे असलेल्या भूकंपांचेही सहा आकडे निघू लागले.

आता पुन्हा क्रॅन्डल कॅन्यनला जाऊ.

पहिला पुरावा तोच, शिदांच्या काळातला. ज्या ज्या स्टेशनवर पहिली हालचाल वाचता आली तिथे ती 'ओढ' होती. चार भाग नाहीत, ढकल-ओढ-ढकल-ओढ नाही, सगळीकडे फक्त ओढ. सटकणाऱ्या फॉल्टला हे जमत नाही. स्फोटाच्या बरोबर उलटं, जमीन आत गेल्याचं हे लक्षण. दुसरा पुरावा पूर्ण रेघेचा. शॉन फोर्ड, ड्रेगर आणि विल्यम वॉल्टर यांनी सहा आकडे काढले, तर ते आडव्या भेगेचं छत खाली येऊन ती मिटावी तसे निघाले. जागा खाणीतली, खोली अगदी कमी. उपग्रहावरच्या रडारच्या मोजणीत त्यावरची जमीनही खचलेली दिसली.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की एवढ्या उथळ धक्क्यासाठी सहाही आकडे सारख्या खात्रीने निघत नाहीत. शिवाय रेघांमध्ये थोडी आडवी हालचालही होती, जी नुसतं छत सरळ खाली आल्याने येत नाही. तज्ज्ञांनी ती लपवली नाही, तिचा अर्थ वेगळा लावायचा प्रयत्न केला. पण एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे एकाच दिशेला बोट दाखवत होते.

आणि ते बोट माणसांकडे जात होतं. या खाणीत कोळशाचे खांब छताला टेकू म्हणून ठेवलेले असत आणि शेवटच्या टप्प्यात मागे सरकत सरकत तेच खांब काढून घेत. आता तर आतल्या मुख्य रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना राखून ठेवलेल्या रुंद पट्ट्याही काढायला घेतल्या होत्या. मार्चमध्येच उत्तरेकडच्या पट्ट्यात मोठा दणका बसून ते काम सोडावं लागलं होतं. त्यानंतर दक्षिणेकडची पट्टी काढायला घेतली.

सुटकेसाठी बोगदा उकरत असताना १६ ऑगस्टला खाणीची भिंत फुटली आणि आणखी तिघे गेले. वरून सात भोकं पाडली, आतून काही उत्तर आलं नाही. ते सहा जण आजही तिथेच आहेत. जुलै २००८ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला : नैसर्गिक भूकंप नव्हे, खांबांची आखणीच चुकीची, एक ढासळल्यावर सुमारे आठशे मीटर पट्ट्यातले खांब काही सेकंदांत गेले. २०१२ साली खाण चालवणाऱ्या जेनवाल रिसोर्सेस कंपनीने सुरक्षा नियम मोडल्याचे दोन किरकोळ गुन्हे कबूल केले. दंड ५ लाख डॉलर. नऊ माणसांचा हिशेब तुम्हीच करा.

हे सगळं वाचताना मला आजी आठवत होती. ती कराडची, तिच्या तोंडी 'भूकंप' म्हणजे एकच, डिसेंबर १९६७ चा कोयनेचा. तोही वाद आपण ऐकत आलोय, धरणामुळे झाला की आपोआप? मला वाटलं, चला, सहा आकडे काढले की निकाल! पण तसं नाही. कोयनेच्या भूकंपाचे आकडे सांगतात, की दोन बाजूंचे खडक एकमेकांना घासून आडवे सरकले. म्हणजे खराखुरा फॉल्ट. तो सटकायला निमित्त काय झालं, हे त्या रेघेत लिहिलेलं नसतं. धरणाचा संबंध कळला तो वेगळ्या पुराव्याने, पाण्याची पातळी आणि छोट्या धक्क्यांची संख्या वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडून.

म्हणजे लॉग काय झालं ते सांगतो, का झालं ते नेहमी सांगतोच असं नाही. युटात मात्र 'काय झालं' एवढंच कळणं पुरेसं होतं, कारण सगळा बचावच त्यावर उभा होता. कॅमेऱ्यासमोर कोण काय बोलतंय याची त्या रेघेला खबर नव्हती. पहाटे २ वाजून ४८ मिनिटांनी प्रत्येक सुई एकाच बाजूला गेली होती, ती तशीच राहिली.

सोमवारी आमच्या त्या रात्रीच्या गोंधळाचा रिपोर्ट लिहायचाय. 'कारण' या रकान्यात काय लिहायचं ते मी जरा जास्त विचार करून ठरवणार आहे.