कोंकणांतील भुतांची खानेसुमारी



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येकांना नवल वाटेल. इतिहास म्हटला कीं लढाया, तह, सनदा आणि शिलालेख डोळ्यांपुढें येतात. भुताखेतांच्या गोष्टी सांजवेळीं आजीनें नातवंडांना सांगाव्या. इतिहासाशीं त्यांचा काय संबंध, असें सुशिक्षित माणूस विचारील. माझें म्हणणें असें आहे कीं, भयकथा हा इतिहासाच्या दप्तरांतला एक दुर्लक्षित कागद आहे. भूत खरें कीं खोटें हा प्रश्न शास्त्राचा. त्याचा निकाल लागला आहे आणि तो वाद मी पुन्हां उकरून काढणार नाहीं. परंतु अमुक समाजाला अमुकच भुताची भीति कां वाटली, हा प्रश्न इतिहासाचा आहे, आणि त्याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

मी राहतों तें रसायनी खालापूर तालुक्यांत पाताळगंगेच्या कांठीं आहे. पूर्वीं हा मुलूख कुलाबा जिल्ह्यांत मोडे. १९८१ सालापासून त्या जिल्ह्याला रायगड म्हणतात. रसायनी हें नांवही नवें. हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० सालीं स्थापन झाली, पुढें तिचा कारखाना येथें उभा राहिला, आणि मोहोपाड्याच्या आसपासच्या या टापूला रसायनांवरून नांव मिळालें. पाताळगंगेला उन्हाळ्यांतही पाणी असतें, याचें कारण खोपोलीचें वीजघर. टाटांनीं घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी मोठाल्या नळांतून खालीं आणून तेथें वीज उत्पन्न केली, आणि १९१५ सालीं ती मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. योगायोग असा कीं, त्याच १९१५ सालीं कोंकणांतील भुतांची एक तपशीलवार यादी इंग्रजी ग्रंथांत छापून निघाली. एकाच सालीं या खोऱ्यांतून मुंबईला वीज गेली आणि येथील अंधारांतलीं भुतें छापखान्यांत गेलीं.

त्या ग्रंथाची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांना २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं गोळ्या घातल्या, हा राजकीय इतिहास सर्वांच्या परिचयाचा आहे. जॅक्सन हे संस्कृताचे जाणकार होते व त्यांनीं लोकसमजुतींची माहिती जमविली होती, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. त्यांच्या मागें राहिलेली ती सामग्री आर. ई. एंथोवेन यांनीं लावून छापली. गुजराथचा भाग १९१४ सालीं आणि कोंकणचा १९१५ सालीं निघाला. ही माहिती मुख्यतः गांवोगांवच्या शाळामास्तरांनीं पुरविली होती. प्रश्नांची यादी शाळेंत येई आणि मास्तर आपल्या गांवांतील देव, दैवतें, झाडें, विहिरी व भुतें यांविषयीं उत्तरें लिहून पाठवीत. रसायनीहून जवळच असलेलें चौक हें गांव त्या ग्रंथांत आढळतें. माझ्याच पेशाच्या माणसांनीं पाटी-पुस्तकाच्या कामांतून वेळ काढून ही नोंद केली, याचें मला कौतुक वाटतें. तथापि ती वाचतांना सावध राहिलें पाहिजे. लिहिणारे पुरुष, पांढरपेशे. वाचणारा साहेब सरकारी. बाळंतिणीच्या खोलींत काय बोललें जाई, रानांतल्या वाडीवर काय सांगत, हें त्यांच्या कानीं दुरूनच आलेलें.

आतां प्रत्यक्ष यादीकडे वळूं. एंथोवेन यांच्या आधीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनींही भुतांच्या समजुती टिपल्या होत्या. या साऱ्या नोंदी एकत्र ठेविल्या म्हणजे दिसतें कीं, लोकांनीं भुतांचे दोन मोठे वर्ग केले होते. एक घरचीं आणि दुसरीं बाहेरचीं. घरचें भूत म्हणजे आपल्याच कुळांतील असंतुष्ट मृतात्मा, बाहेरचें म्हणजे परक्याचा. त्यांतही प्रत्येकाचें नांव ठरलेलें आणि त्या नांवामागें मरणाचा एक प्रकार ठरलेला. मुंज झाली परंतु सोडमुंज होण्यापूर्वीं मेला, तो मुलगा मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणांत किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत मेली ती हडळ. सवाष्ण मेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट. धनाचा लोभ न सुटलेला, निपुत्रिक, पाठीमागें क्रियाकर्म करणारा कोणी नाहीं असा जो, तो समंध. तो पुरलेल्या पैशावर राखण करितो. पाण्यांत बुडून मेला तो गिऱ्हा. तो वाटसरूला भुलवून खोल डोहाकडे नेतो.

ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. म्हातारपणीं, मुलानातवंडांच्या गराड्यांत, सर्व संस्कार होऊन जो गेला त्याचें भूत सहसा होत नाहीं. भूत होतें तें अवेळीं आणि अपुऱ्या आयुष्यानिशीं मेलेल्याचें. ज्या काळीं जन्ममृत्यूची नोंद कोणी काळजीपूर्वक ठेवीत नसे, त्या काळीं बालमृत्यु, बाळंतरोग, बुडून मरण, वैधव्य या सर्वांची एक ओबडधोबड खानेसुमारी लोकांनीं गोष्टींच्या रूपानें करून ठेविली होती. हडळीच्या गोष्टी ज्या मुलुखांत घरोघर सांगितल्या जातात, तेथें बाळंतिणी घरोघर मरत असल्या पाहिजेत.

या खानेसुमारींत एक नांव काफरी असें आहे. काफरी म्हणजे आफ्रिकेंतून आलेल्या माणसाचें भूत. तो येथें कसा आला? पोर्तुगीजांनीं व इतर व्यापाऱ्यांनीं समुद्रापलीकडून गुलाम म्हणून ज्यांना आणलें, त्यांच्यापैकीं पुष्कळांचीं नांवें कोठेंही उरलीं नाहींत. आमच्याच जिल्ह्यांत जंजिऱ्याला आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनीं राज्य केलें व त्यांचा इतिहास लिहिला गेला. परंतु त्यांच्याच खंडांतून आलेल्या बेवारशी गुलामाचा इतिहास कोण लिहिणार? हिंदुस्थानांत गुलामगिरीची कायदेशीर मान्यता १८४३ सालच्या कायद्यानें काढून घेतली. गुलाम गेले, पण कोंकणी व देशी माणसाच्या भुतांच्या यादींत काफरी राहिला. एका परक्या, निराधार मरणाची ती आठवण आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, मास्तर, भयकथेला तुम्ही इतिहासाचा पोषाख चढवीत आहां. लोक ती ऐकतात केवळ मजेसाठीं. मजेचा मुद्दा मला मान्य आहे. भीतीपासून आनंद कसा होतो, हा प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राला फार जुन्या काळीं पडला होता. भरताच्या नाट्यशास्त्रांत भयानक आणि बीभत्स हे दोन निरनिराळे रस सांगितले आहेत. भयानकाचा स्थायी भाव भय, वर्ण काळा. बीभत्साचा स्थायी भाव जुगुप्सा, वर्ण निळा. न दिसणाऱ्याची धास्ती हा भयानक. रक्तमांस पाहून येणारी किळस हा बीभत्स. जुन्या भुताच्या गोष्टींत भयानक प्रधान असतो; अलीकडे पडद्यावर जे कापाकापीचे चित्रपट दिसतात, त्यांत बीभत्साला पट्टराणीपद मिळालें आहे.

परंतु या कापाकापीच्या कथाही तपासून पाहिल्यास त्यांच्या पोटांत जुनेंच बीज सांपडतें. अमेरिकेंत १९८० सालीं ‘फ्रायडे द थर्टींथ’ नांवाचा चित्रपट निघाला. त्याच्या मुळाशीं काय आहे? उन्हाळी शिबिरांत देखरेख करणाऱ्या तरुणांनीं हेळसांड केली, एक मुलगा तळ्यांत बुडाला, आणि त्याची आई पुढें सूड घेऊं लागली. आमच्या डोहांतला गिऱ्हा आणि त्यांच्या तळ्यांतला हा मुलगा यांचें नातें ओळखण्यास फार विद्वत्ता लागत नाहीं. कॅरोल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीनें १९८७ सालीं अशा चित्रपटांवर एक निबंध लिहिला. अशा कथांत सर्व मारले जातात आणि शेवटीं एक मुलगी उरते. आरंभीं खुन्याच्या डोळ्यांनीं पाहणारा प्रेक्षक अखेरीस त्या मुलीच्या बाजूस येतो, असें तिनें दाखविलें.

हें वाचून मला आमची हडळ आठवली. तिकडे स्त्री भितें आणि लढून जगते. इकडे मेलेली स्त्रीच भिवविणारी होते. विचार करा, प्रसूतीच्या वेदनांत जी तडफडून मेली, जिच्यापाशीं जाणता वैद्य पोंचला नाहीं, ती खरें पाहतां अन्याय सोसणारी. पण गोष्टींत तीच अपराधी ठरते. ती परत येऊं नये म्हणून वाटेवर धान्याचे दाणे टाकीत, उंबरठ्यांत खिळे ठोकीत. समाजाच्या मनाला आपली चूक बोंचत असते. ती बोंच सहन होत नाहीं, म्हणून तो मेलेल्याच्याच अंगावर दोष ढकलतो. भयकथेच्या अभ्यासांत सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला हीच वाटते. गोष्ट अन्यायाची आठवण ठेविते, परंतु जबाबदारी मात्र चुकीच्या माणसावर टाकिते.

मेलेल्यावर टाकलेला दोष निदान त्याला लागत नाहीं. तोच दोष जिवंत माणसावर टाकला, म्हणजे कथेची कुऱ्हाड होते. गांवांत रोगराई आली, मूल दगावलें, म्हणजे कोणा एकट्या बाईला चेटकीण ठरवावयाचें आणि तिला मारहाण करून गांवाबाहेर काढावयाचें, हे प्रकार महाराष्ट्रानें पाहिले आहेत. परभणी जिल्ह्यांतील मानवत येथें १९७२ ते १९७४ या काळांत मुलींचे व स्त्रियांचे एकामागून एक खून झाले, आणि तपासांत गुप्तधनाची व अपत्याची आशा आणि त्यासाठीं रक्ताचा नैवेद्य हें कारण पुढें आलें. समंधाची गोष्ट ओटीवर सांगितली तर करमणूक. तिच्यावर विश्वास ठेवून कुदळ हातीं घेतली तर हत्या. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून झटणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत खून झाला. त्याच वर्षीं डिसेंबरांत कायदा संमत झाला. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारझोड करणें त्या कायद्यानें गुन्हा ठरलें आहे.

मग भयकथा टाकून द्याव्या काय? मला तसें वाटत नाहीं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनीं मराठी भयकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली, आणि त्यांचा वाचक भूत मानणारा होता असें कोणीच म्हणणार नाहीं. २०१८ सालच्या ‘तुंबाड’ चित्रपटांत धन राखणारी अमंगळ शक्ति येते, २०२४ सालच्या ‘मुंज्या’ चित्रपटांत पिंपळावरचा जुना मुंजा येतो; खानेसुमारींतलीं नांवें अजून चालतीं आहेत. गोष्ट गोष्ट म्हणून ऐकावी, आणि ऐकून झाल्यावर इतिहासकाराचा एक प्रश्न विचारावा: हें मरण कोणाचें, आणि तें टाळतां आलें असतें काय?

हा प्रश्न ज्यांनीं विचारला त्यांनींच भुतें खरोखर घालविलीं. २०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत दर १ लाख जिवंत जन्मांमागें ३३ माता दगावल्या. सबंध देशाचा आंकडा ९७ होता. हडळीला कोणा भगतानें घालविलें नाहीं. तिला सुईणीच्या शिक्षणानें, स्वच्छ हत्यारांनीं, रक्तपेढीनें आणि वेळेवर आलेल्या गाडीनें घालविलें. माता अजूनही दगावतात, हेंही विसरूं नये.

शेवटीं आमच्याच परिसरांतली एक गोष्ट सांगून आपली रजा घेतों. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इरशाळगडाच्या पायथ्याची इरशाळवाडी दरडीखालीं गाडली गेली. ठाकर आदिवासींची ती वस्ती चौक गांवाजवळ, आमच्या खालापूर तालुक्यांत. २७ प्रेतें हातीं लागलीं. ५७ माणसें बेपत्ता राहिलीं आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. जुन्या मास्तरांच्या यादीचा नियम लाविला तर अवेळीं, क्रियाकर्मावांचून गेलेलीं हीं माणसें उद्यां भुतें म्हणून सांगितलीं जातील. गडावर चढणारे हौशी लोक रात्रीं शेकोटीभोंवतीं त्यांच्या गोष्टी रचतील. तसें होऊं नये, यासाठीं आपल्या हातीं एकच उपाय आहे. त्यांचीं नांवें, वयें, घरें आणि त्या डोंगराच्या कुशींत तीं कां राहत होतीं याची हकीकत आजच नीट लिहून ठेवावी, व तशाच दुसऱ्या वाड्यांकडे पावसाळ्यापूर्वीं पाहावें. ज्यांची नोंद राहते त्यांची आठवण होते. ज्यांची नोंद कोणी ठेवीत नाहीं, त्यांचीच भुतें होतात.