जडवस्तू नोंदवही ते वर्गखोली : सिंधुदुर्गातील शिक्षक, शाळाप्रमुख आणि नवे तंत्रज्ञान

प्रास्ताविक

शाळेत नवे साधन आले की त्याची पहिली नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत होते. वस्तूचे नाव, नग, किंमत, प्राप्तीचा दिनांक आणि अखेरीस मुख्याध्यापकाची स्वाक्षरी. या स्वाक्षरीने वस्तू शाळेच्या मालकीची होते आणि तिची जोखीम मात्र मुख्याध्यापकाच्या माथी येते. शिक्षक तंत्रज्ञानाला का बिचकतात, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः शिक्षकाच्या वयात, प्रशिक्षणात किंवा मनोवृत्तीत शोधले जाते. प्रस्तुत लेखात ते शाळाप्रमुख आणि शिक्षक यांच्या नात्यात शोधण्याचा प्रयत्न केला आहे. साधन आणि आदेश यांनी शिक्षक बदलत नाही. ज्या अधिकाऱ्याने त्याला चुकण्याची मुभा दिली, त्याच्या हाताखाली तो बदलतो, असे गेल्या दोन शतकांचा अनुभव सांगतो. त्या अनुभवाचा आरंभ योगायोगाने आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्मलेल्या एका व्यक्तीपाशी जाऊन पोहोचतो.

छापील पुस्तक : पहिले नवे तंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी कोकणातील गावठी शाळांतून पंतोजी जे शिकवीत, ते बहुतांशी मुखोद्गत असे. धुळपाटीवर अक्षर गिरवणे, मोडी वाचन, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे, आणि थोडा जमाखर्च. ज्ञानाचा साठा पंतोजीच्या कंठात होता व त्याची प्रतिष्ठाही त्यावरच उभी होती. अशा शाळेत बाळबोध लिपीतील छापील पुस्तक आले, तेव्हा काय घडले असेल याची कल्पना आजच्या प्राध्यापकाने अवश्य करावी. पंतोजीने न सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्याला परभारे कळू लागली. आज भ्रमणध्वनी हाताळणाऱ्या मुलासमोर शिक्षकाला जो संकोच वाटतो, त्याची जात हीच आहे.

मुंबईतील शिक्षण मंडळींना ही अडचण लवकर उमगली होती. 1822 साली स्वतंत्रपणे काम सुरू केलेल्या नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने पुस्तके छापण्याबरोबरच ती शिकवू शकणारे शिक्षक घडवण्याचे काम हाती घेतले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेली चोवीस शिक्षकांची तुकडी 1826 मध्ये जिल्ह्यांकडे रवाना झाली. याच मंडळींच्या परिसरात देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर वाढले. 'दर्पण'कार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो आणि 6 जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो. शिक्षकांना मात्र हा आपला पूर्वज आहे याचे फारसे स्मरण नाही, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. व्याकरण, भूगोल, इतिहास, इतकेच नव्हे तर 'शून्यलब्धिगणित' अशी शालेय आणि उच्च विषयांची पुस्तके त्यांनी मराठीत लिहिली. 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून घेतली. शाळांचे तपासनीस म्हणून त्यांनी काम पाहिले आणि अध्यापक वर्गाचे, म्हणजे नॉर्मल क्लासचे, संचालकपदही भूषविले. 1846 मध्ये त्यांचा अकाली अंत झाला.

या नोंदींतील एक बाब आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. पुस्तक लिहिणारा, ते कसे शिकवावे हे शिक्षकाला दाखवणारा आणि शाळेत जाऊन ते शिकवले जाते की नाही हे पाहणारा मनुष्य एकच होता. पुढे शिक्षणखात्याचा विस्तार झाला, तेव्हा ही तीन कामे तीन निरनिराळ्या टेबलांवर गेली. तपासणी उरली, सोबत बसणे विरळ झाले. प्रशासनाच्या दृष्टीने हा विस्तार अपरिहार्य होता हे मान्य केले, तरी शिक्षकाच्या बाजूने त्याची किंमत मोठी होती.

कुलपातील संच

स्वातंत्र्योत्तर काळातील कथा त्रोटकपणे सांगता येईल, कारण ती बरीचशी एकाच वळणाची आहे. 27 जानेवारी 1984 रोजी पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. इन्सॅट उपग्रहाच्या साहाय्याने शैक्षणिक कार्यक्रम खेड्यापाड्यांत पोहोचवणे हा तिचा हेतू. केंद्राच्या योजनेतून शाळांना रेडिओ-कॅसेट संच व रंगीत दूरदर्शन संच मिळू लागले. 1987 पासूनच्या खडू-फळा मोहिमेने नकाशे आणि विज्ञानपेट्या पुरवल्या. कार्यक्रम चांगले होते. परंतु ते प्रक्षेपणाच्या वेळेला बांधलेले, आणि शाळेचे वेळापत्रक वेगळे. त्यात कोकणचा पाऊस. जूनमध्ये शाळा उघडावी आणि वीज जावी, हा मालवण-देवगडच्या शिक्षकाचा नित्याचा अनुभव. 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद झाली.

प्रस्तुत लेखकाच्या शालेय जीवनातील एक आठवण येथे नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. आमच्या शाळेतील दूरदर्शन संच कापडाच्या खोळीत, कुलूपबंद कपाटात असे. वर्षातून एकदा शाळा तपासणीच्या दिवशी तो बाहेर निघे. मुख्याध्यापक सज्जन होते, विद्यार्थ्यांविषयी कळवळा असलेले होते. पण संच नादुरुस्त झाला तर वसुली कोणाकडून होईल, ही चिंता त्यांना होती आणि ती अनाठायी नव्हती. शिक्षकांनी तो संच कधी हाताळलाच नाही. मग त्यांनी त्याचा अंगीकार करावा तो कसा?

प्रमाणपत्र आणि माहितीचे रकाने

2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि 'एमएस-सीआयटी' हा अभ्यासक्रम घरोघरी पोहोचला. शासकीय सेवकांना संगणक अर्हता अनिवार्य ठरली, वेतनवाढीशी जोडली गेली. शिक्षक सावंतवाडी, कुडाळ, कणकवलीच्या केंद्रांत जाऊन परीक्षा देऊन आले. प्रमाणपत्र सेवापुस्तकात चिकटले. गणिताच्या तासाला त्या संगणकाचे काय करावयाचे, हे कोणी सांगितले नाही. पुढे 2015 मध्ये 'सरल' प्रणाली आली व शिक्षकाची तंत्रज्ञानाशी दाट ओळख झाली, ती माहिती भरणारा लिपिक म्हणून. नेटवर्कसाठी सडा गाठावा, रात्री जागून रकाने भरावेत, असा तो परिचय. या परिचयातून प्रेम निर्माण होईल अशी अपेक्षा करणेच भोळेपणाचे होते.

त्याच वर्षी 22 जूनच्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द रूढ झाला. या काळातील खरी नवलाई शब्दात नव्हती. ठाणे जिल्ह्यातील पाष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी, तर सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी जे केले, ते पाहावयास इतर शिक्षक स्वखुशीने जाऊ लागले. डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला जोडलेले क्यूआर कोड पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आले. 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. शिक्षक शिक्षकाकडून शिकतो, हे तत्त्व जुनेच. वरिष्ठांनी अशा शाळाभेटींना कर्तव्यकाळ मानले, तेथे ते फळाला आले.

सिंधुदुर्गाचा विशेष प्रश्न

येथे एक स्थानिक अडचण लक्षात घ्यावी लागते. 2001 मध्ये 8,68,825 असलेली जिल्ह्याची लोकसंख्या 2011 मध्ये 8,49,651 झाली. साक्षरता 85 टक्क्यांवर, आणि वाडीवाडीवरील शाळांचा पट मात्र घसरता. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक. साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक. म्हणजे डोंगराळ वाडीवरील शाळेत मुख्याध्यापक हा वेगळा मनुष्य नसतोच. दोघांपैकी ज्येष्ठ शिक्षक तो कार्यभार सांभाळतो. शाळाप्रमुखाने शिक्षकांना उद्युक्त करावे, असे परदेशी ग्रंथांत वाचून आपण येथे सांगू लागलो, तर तो प्रमुख दोन इयत्तांचा पाठ घेत उभा असतो. प्रमुखपणाची जबाबदारी येथे वस्तुतः केंद्रप्रमुखाकडे आणि केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेकडे येते. ती परिषद परिपत्रके वाचून दाखवण्यात संपते, की एखाद्या शिक्षिकेने प्रोजेक्टरवर घेतलेला, फसलेलाही, पाठ सर्वांनी मिळून पाहण्यात जाते, यावर पुष्कळ काही ठरते.

विद्यार्थी तर पुढे गेलेच आहेत. गणपतीला आलेल्या चाकरमानी काकाचा फोन दोन दिवसांत उलगडणारी मुले मालवणच्या कोणत्याही वाडीत भेटतील. 2020 मध्ये शाळा-महाविद्यालये बंद झाली, तेव्हा कणकवली तालुक्यातील एका विद्यार्थिनीने नेटवर्कसाठी डोंगरावर झोपडी बांधून अभ्यास केला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' वादळाने किनाऱ्यावरील वीज कित्येक दिवस नेली. अशा मुलांपैकी दोघांना वर्गातील साधनाचे साहाय्यक नेमल्याने शिक्षकाची प्रतिष्ठा उणावत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मात्र ते मुलांसमोर प्रमुखाने स्वतः प्रथम करून दाखवावे लागते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना व मुख्याध्यापकांनाही वर्षाला पन्नास तासांचे व्यावसायिक विकासाचे प्रशिक्षण सुचवले आहे. ते तास पुन्हा प्रमाणपत्राच्या वाटेने जाऊ नयेत, यासाठी केंद्रप्रमुखाला एक साधा अधिकार हवा : वापरात मोडलेल्या साधनाचे निर्लेखन, वसुलीविना, वर्षाच्या वर्षी. जांभेकरांच्या अध्यापक वर्गात पुस्तक फाटले म्हणून पंतोजीकडून पैसे वळते करून घेतले असते, तर ते पुस्तकही बासनातच राहिले असते.